क्यूजीआयएसमध्ये माझी ४० आरची बाग साडेपंचेचाळीस आर का भरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिंडोरीजवळच्या द्राक्षबागेचं क्षेत्र सातबाऱ्यावर ४० आर आहे. उपग्रहचित्रावर बांध आखून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधल्या फील्ड कॅल्क्युलेटरने काढलं तर साडेपंचेचाळीस येतं. मग नोंद चुकली, की आपणच शेजाऱ्याचा बांध कोरलाय?

दोन्ही नाही, आणि शेजाऱ्याकडे हा विषय मुळीच काढू नका. मी नाशिकमध्ये नकाशांचंच काम करतो. आपल्या भागात क्षेत्र बरोबर तेरा-चौदा टक्के जास्त आलं, की मी पहिल्यांदा प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत, बघतो.

गोल पृथ्वी सपाट कागदावर जशीच्या तशी उतरत नाही. नारळाला वर्तमानपत्र गुंडाळून बघा, चुण्या पडतातच. गणितज्ञ गाऊसने हे १८२७ साली गणिताने सिद्धच केलं. त्यामुळे कोन, क्षेत्रफळ, अंतर यांतलं काही ना काही प्रत्येक नकाशाला सोडावं लागतं. नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये खलाशांसाठी कोन राखले. होकायंत्रावर एकच दिशा धरून चाललेल्या जहाजाचा मार्ग त्याच्या नकाशावर सरळ रेषेत येतो. बदल्यात, विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितका नकाशा ताणत जातो. शाळेतल्या भिंतीवर ग्रीनलंड केवढं थोरलं दिसायचं आठवा. प्रत्यक्षात भारत त्याच्या दीडपट आहे.

वेबवरचे बहुतेक नकाशे याच मर्केटरच्या धाकट्या भावावर, वेब मर्केटरवर, चालतात. क्यूजीआयएसमधल्या प्रोजेक्शनांच्या यादीत त्याचा क्रमांक ३८५७. उपग्रहचित्र सगळ्यात आधी उघडलंत, की प्रोजेक्ट गुपचूप त्यातच जातो.

आता तुमची बाग. दिंडोरी साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर. २० अंशांची कोसाइन ०.९४, आणि ताण म्हणजे एक भागिले ०.९४. १०० मीटरचा बांध १०६ मीटरच्या वर भरतो. कोन राखायचे म्हणून ताण पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण दोन्हीकडे द्यावा लागतो, म्हणून क्षेत्रात तो दोनदा गुणला जातो: साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. ४० चे साडेपंचेचाळीस झाले ते असे. हीच बाग कन्याकुमारीला असती तर ४१ आर भरली असती, श्रीनगरला ५८ च्या वर.

उपाय सोपा आहे. तुम्ही बहुधा area($geometry)चं सूत्र वापरलंय, म्हणजे ‘एरिया’ आणि कंसात ‘जॉमेट्री’. ते तुमचा थर (आखलेल्या बांधाची लेयर) ज्या प्रोजेक्शनमध्ये आहे त्यातलंच सपाट क्षेत्र देतं. त्याऐवजी नुसतं $area, म्हणजे ‘डॉलर एरिया’, वापरा. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये एलिप्सॉइड (पृथ्वीचा गणिती आकार) डब्ल्यूजीएस ८४ असेल तर हिशोब पृथ्वीच्या फुगीर आकारावरच होतो.

दुसरा मार्ग म्हणजे थर यूटीएम (सहा-सहा अंशांचे पट्टे पाडणारं प्रोजेक्शन) झोन ४३ उत्तर, क्रमांक ३२६४३, मध्ये एक्स्पोर्ट करणं. हा झोन ७२ ते ७८ पूर्व रेखांशांचा, मधली रेषा ७५. नाशिक ७३.८ वर, म्हणजे त्या रेषेपासून सव्वाशे किलोमीटर पश्चिमेला. तिथे चूक १०० मीटरला दोन सेंटीमीटर, तुमच्या अख्ख्या बागेत दीड-दोन चौरस मीटर. (नागपूर ७९ वर, ते झोन ४४ मध्ये जातं. विदर्भात कुणाला सल्ला देताना हे विसरू नका.)

मात्र ‘सेट लेयर सीआरएस’ दाबून थराच्या प्रोजेक्शनचं नुसतं लेबल बदलू नका. त्याने आकडे तेच राहतात, फक्त त्यांचा अर्थ बदलतो, आणि बाग दिंडोरी सोडून भलत्याच मुलखात जाऊन बसते. एक्स्पोर्ट करा, म्हणजे आकडे खरोखर रूपांतरित होतात.

जीपीएसचे अंश आलेखाच्या कागदावर मांडून क्षेत्र काढायचा मोहही टाळा. आपल्याकडे एक अक्षांश साधारण ११०.७ किलोमीटर, एक रेखांश १०४.६. चौरस चौरस राहत नाही.

हे सगळं करूनही ४० ऐवजी साडेएकोणचाळीस किंवा एकेचाळीस आलं तर तो बहुतेक बांध आखतानाचा हात आणि चित्राचं थोडं सरकलेपण. बाग उतारावर असेल तर आणखी एक: सातबाऱ्यावरचं क्षेत्र आडवं धरलेलं असतं, आणि दहा अंशांच्या उतारावर जमिनीवर टेप लावलात तर दीड टक्का जास्त भरेल. खरोखर वाद असेल तर भूमिअभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. क्यूजीआयएसची प्रिंट तिथे चालत नाही.