खडकांवरच्या स्पर्धेसाठी गाडी बांधताना

वेल्डरकडे पाइप नेण्यापूर्वी वहीत गणित मांडा, असा माझा आग्रह आहे. पहिला गिअर, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लो म्हणजे सावकाश गिअर आणि डिफरन्शियल (चाकांच्या आसावरचे गिअर) यांची गुणोत्तरे गुणली, समजा ४, २.५ आणि ५, तर ५० येतात. हा आकडा जितका मोठा, तितकी गाडी इंजिन न गुदमरता सावकाश चढते. उंची मात्र टायर न घासण्याइतकीच वाढवा, नाहीतर तिरक्या कातळावर गाडी कलंडते. माझ्या पहिल्या गाडीत रोल केजचे, म्हणजे गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणाऱ्या पाइपांच्या पिंजऱ्याचे, पाय नुसत्या पत्र्यावर जोडले होते आणि एकदा कलंडताच ते पत्रा फाडून खाली घुसले. ते चेसिसलाच, म्हणजे गाडीच्या मूळ चौकटीलाच, जोडा. नागपूरच्या मे महिन्यात इतक्या कमी वेगात रेडिएटरला वारा मिळत नाही, म्हणून मोठा इलेक्ट्रिक पंखा हवाच.