‘टक्क्यांनी’ आणि ‘टक्क्यांवर’

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. तंबाखूविरोधी फलकासाठी नववीच्या मुलांनी मोबाइलवर फिरणारे संदेश उतरवून आणले. एकात ‘शाळकरी मुलांतील तंबाखूसेवन ४२ टक्क्यांवर’ असे होते, दुसऱ्यात ‘किशोरवयीनांच्या व्हेपिंगमध्ये ७८ टक्के वाढ’, तर तिसऱ्यात ‘निम्मी मुले दहाव्या वर्षाआधीच तंबाखू सुरू करतात’. तिन्हींखाली सर्वेक्षणाचा हवाला आहे. यातले फलकावर काय लिहावे?
— एक शिक्षक, तासगाव तालुका

उत्तर : गुरुजी, आपण हे संदेश फलकावर लावण्याआधी थांबलात, याचे मला फार मोल वाटते. तिन्ही आकडे खऱ्या सर्वेक्षणांतून आले आहेत, तरीही आपल्या मुलांनी उतरवून आणलेले एकही वाक्य जसेच्या तसे लिहिण्याजोगे नाही.

पहिला आकडा भारताच्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीचा, म्हणजे २०१९ सालचा आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ९८७ शाळांमधून ते केले. त्यात १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींपैकी ८.५ टक्क्यांनी गेल्या ३० दिवसांत तंबाखूचा कोणता तरी प्रकार वापरल्याचे सांगितले. २००९ मध्ये हेच प्रमाण १४.६ टक्के होते. फरक ६.१ चा, तो १४.६ शी ताडून पाहिला की घट सुमारे ४२ टक्के निघते. म्हणजे मूळ वाक्य ‘४२ टक्क्यांनी घटले’ असे होते. कुणीतरी ‘नी’ काढून ‘वर’ लावले आणि दहा वर्षांत झालेली मोठी सुधारणा भयंकर संकट होऊन घरोघरी पोचली. मराठीत एवढ्याशा प्रत्ययाने अर्थ पार उलटतो, तेव्हा अशा ठिकाणी आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे लिहावेत, हे उत्तम. ‘१४.६ वरून ८.५’ हे वाचून कोणाचाही घोटाळा होणार नाही.

त्याच अहवालात आणखी एक जागा चुकण्याची आहे. धूम्रपान करणारे ७.३ टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे ४.१ टक्के असे आकडे तेथे आहेत. त्यांची बेरीज ११.४ होते, पण एकूण आकडा ८.५ आहे, कारण काही मुले दोन्ही करतात आणि बेरजेत ती दोनदा मोजली जातात. नववीच्या वर्गात संच शिकवताना यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही.

तिसऱ्या संदेशात छेदच बदलला आहे. ज्यांनी धूरविरहित तंबाखू वापरली, त्यांच्यापैकी ५२ टक्क्यांनी ती दहाव्या वाढदिवसाआधी सुरू केली होती. बिडी ओढणाऱ्यांत हे प्रमाण ४७ आणि सिगारेट ओढणाऱ्यांत ३८ टक्के होते. हे सगळ्या मुलांपैकी निम्मे नव्हेत. परंतु छेद नीट सांगितल्यावरही हा आकडा माझ्या मनातून जात नाही. आपल्या भागात अजूनही काही घरांत सकाळी मिश्रीने दात घासले जातात, आणि ‘जा, पुडी घेऊन ये’ म्हणून दुसरी-तिसरीतल्या पोराला टपरीवर पिटाळले जाते. तंबाखू नियंत्रण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकण्यास मनाई आहे, शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर विक्रीच करता येत नाही. पण घरातल्याच माणसाने पाठवलेल्या मुलाला टपरीवाला परत लावत नाही. फलकावर एकच वाक्य पालकांसाठी लिहायचे असेल, तर ते याविषयी असावे.

आता ७८ टक्के वाढीचे पाहू. हा आकडा भारतातला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय युवा तंबाखू सर्वेक्षणात माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलांमध्ये ई-सिगारेटचा, म्हणजेच व्हेपचा, वापर २०१७ मध्ये ११.७ टक्के होता, तो २०१८ मध्ये २०.८ झाला. वाढ खरी होती, गंभीरही होती, आणि पुढच्या वर्षी ती २७.५ टक्क्यांपर्यंत गेली. मात्र त्यानंतर प्रमाण उतरत गेले आणि २०२४ मध्ये ते ७.८ टक्के नोंदले गेले. आज २०१८ ची बातमी तारखेशिवाय पुढे पाठवणे म्हणजे ओसरलेल्या पुराची कृष्णेची पातळी आजची म्हणून सांगणे आहे. मधल्या २०२१ च्या फेरीत महासाथीमुळे मुलांनी उत्तरे ऑनलाइन दिली, काहींनी घरी बसून, म्हणून ते वर्ष आधीच्या वर्षांशी ताडू नये असे सर्वेक्षण करणाऱ्यांनीच बजावले होते.

याशिवाय ‘सध्या वापरतात’ या शब्दांचा अर्थ पाहावा लागतो. दोन्ही देशांच्या या सर्वेक्षणांत गेल्या ३० दिवसांत एकदा जरी वापर झाला, तरी ते मूल ‘सध्या वापरणारे’ ठरते. गावच्या यात्रेत मित्राच्या हातून एक झुरका घेतलेला मुलगा आणि रोज मावा चघळणारा मुलगा या मोजणीत एकाच रांगेत उभे राहतात. अमेरिकेत २०१८ मध्ये अशा वापरणाऱ्यांपैकी साधारण २८ टक्के मुले महिन्यातले २० किंवा अधिक दिवस व्हेप वापरत होती. व्यसन कितपत जडले आहे हे कळण्यासाठी हा दुसरा आकडा लागतो, आणि बातमीतून नेमका तोच गळतो.

शाळेतल्या सर्वेक्षणाची एक मर्यादा आपल्या जिल्ह्यात उघड्या डोळ्यांना दिसते. गळीत हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांची कितीतरी मुले फडावर असतात, वर्गात नसतात. जे मूल त्या दिवशी बाकावर नाही, ते आकड्यातही नाही.

फलकावर केवळ सिगारेट आणि व्हेपचे चित्र काढू नका, अशी माझी विनंती आहे. २०१६-१७ च्या प्रौढांच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. ई-सिगारेट कधीतरी वापरून पाहिलेली शाळकरी मुले देशात २०१९ मध्ये २.८ टक्के होती. आपल्या मुलांच्या समोर घरात, शेतात आणि एसटी स्थानकावर जे आहे, ते म्हणजे मावा, मिश्री आणि तंबाखू-चुना. आणि ‘सगळेच करतात’ असे सुचवणारा आकडा मोठ्या अक्षरांत लिहू नका. पंधरा वर्षांचे मूल त्यातून धोका शिकत नाही, आपण मागे राहिलो असे समजते. ‘१०० पैकी ९१ मुलांनी गेल्या ३० दिवसांत तंबाखूला हात लावलेला नाही’ हे त्याच सर्वेक्षणाचे तितकेच खरे वाक्य आहे.

प्रश्न : माझ्या अकरावीतल्या मुलाच्या दप्तरात पेन ड्राइव्हसारखी, फळाचा वास येणारी वस्तू सापडली. ती व्हेप आहे असे भाचा म्हणतो. यात तंबाखू नसते, असे मुलगा सांगतो.
— एक आई, कराड

उत्तर : ताई, त्यात तंबाखूचे पान नसते हे खरे, पण बहुतेक व्हेपमध्ये निकोटिन असते, आणि सवय लावते ते निकोटिनच. वाढत्या वयाच्या मेंदूवर त्याचा परिणाम अधिक होतो. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आहे, म्हणजे ही वस्तू त्याला कोणीतरी चोरून विकली आहे. तो कोण, हे आज विचारू नका. गेल्या महिन्यात किती दिवस ओढलीस आणि सकाळी उठल्या उठल्या लागते का, एवढेच शांतपणे विचारा. उत्तर ‘रोज’ असे आले, तर ते रागावण्याने सुटणारे नाही. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळते. तो फोन त्याला स्वतःला करू द्या, आणि तो बोलत असताना आपण बाहेरच्या खोलीत थांबा.