जुना, जुनाट, जून... जरा जपून रे

अरे तू काल लिहिलंस ना "जुनाट मित्र भेटला", ते वाचून मी चहा सांडला. मित्र जुना असतो, जुनाट नाही. जुनाट म्हणजे नकोसं झालेलं, पण जाता जात नाही असं काहीतरी, जुनाट खोकला, जुनाट विचार, त्यामुळे माणसाला लावलंस तर शिवी दिल्यासारखंच होतं बघ.

आणि जुनं म्हणजे वाईट असं तर डोक्यातून काढूनच टाक, जुना तांदूळ लोक मुद्दाम मागून घेतात कारण भात मोकळा होतो. पण भाजीला जुनी म्हणू नकोस, भेंडी जून होते. शेंड्याला बोटाने वाकवून बघ, कट्कन मोडली तर कोवळी, नुसतीच वाकली तर जून. कालची भाकरी शिळी, आणि वर्षभराचं लोणचं मुरलेलं, त्याला शिळं म्हणालास तर आजी घराबाहेर काढेल :)

माझा सगळ्यात आवडता शब्द जुनेर. वापरून वापरून मऊ पडलेलं नऊवारी लुगडं, काठ विरलेले, मध्ये एकदोन ठिगळं. त्याचीच गोधडी शिवायची, त्याचीच बाळाला दुपटी. हल्ली शहरात कोणी बोलत नाही हा शब्द, तू मात्र बिनधास्त वापर, फक्त जीन्सला वगैरे लावू नकोस, विचित्र वाटतं.

जीर्ण, पुरातन हे देऊळ, वाडे, पोथ्यांसाठी ठेव. फुटका मिक्सर पुरातन नसतो बाबा, तो मोडीत घालायचा.