साखरेच्या तपासणीचं रक्त राखाडी टोपणाच्या वेगळ्या नळीत का घेतात? (सेलूहून परभणीला नमुना पाठवायचा आहे)

त्या नळीतलं सोडियम फ्लोराइड एनोलेज नावाच्या एन्झाइमला अडवतं, म्हणून रक्तपेशींना वाटेत ग्लुकोज खाता येत नाही. रक्त नळीत आलं म्हणून पेशी लगेच मरत नाहीत. तांबड्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं) नसतात, त्यामुळे त्यांची सगळी ऊर्जा ग्लायकोलिसिसमधूनच, म्हणजे ग्लुकोज पायरीपायरीने तोडण्यातूनच येते आणि नळीतही ते चालूच राहतं. साध्या नळीत रक्त तसंच ठेवलं तर साधारण तापमानाला ग्लुकोज तासाला 5 ते 7 टक्के घटतं. परभणीच्या मे महिन्यात, डबा एसटीत मागच्या सीटखाली तापत असेल, तर त्याहूनही जास्त. म्हणजे 130 ची साखर 110 दिसायची आणि पेशंट खूश! एनोलेज ग्लायकोलिसिसच्या दहापैकी नवव्या पायरीवर काम करतं. त्याला मॅग्नेशियम लागतं, आणि फ्लोराइड नेमकं तेच अडकवून ठेवतं.

पण एक लक्षात घ्या: नववी पायरी अडली तरी पहिली लगेच थांबत नाही. पहिल्या पायरीचं एन्झाइम हेक्झोकायनेज आणखी एक-दोन तास ग्लुकोज वापरत राहतं, त्यामुळे फ्लोराइड असूनही सुरुवातीला आकडा थोडा उतरतोच. म्हणून नमुना बर्फाच्या डब्यातून पाठवा, किंवा सेलूतच लवकर सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) प्लाझ्मा, म्हणजे पेशींशिवायचा द्रव भाग, वेगळा काढून घ्या. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी मात्र जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात, तिथे फ्लोराइडची गरज नाही.