अस्तित्ववाद हा साहित्यवाल्यांचा विषय. देशांच्या सुरक्षिततेशी त्याचा काय संबंध?

संबंध आहे, आणि जवळचा आहे. हाच प्रश्न मला एम.ए.च्या तोंडी परीक्षेत टोमणा म्हणून ऐकावा लागला होता, म्हणून लिहितोय.

माझा प्रबंध पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरच्या, १९१४च्या बेल्जियमवर होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं चाळली, अस्तित्ववादाचा आद्य मानल्या जाणाऱ्या किर्केगार्ड या तत्त्वज्ञाचं नाव दिसताच म्हणाले, "हे मराठी विभागात न्या. राष्ट्राला तोफा कळतात, मन कुठलं?" मी सांगायला लागलो. २ ऑगस्टला जर्मनीने बेल्जियमला निर्वाणीचा खलिता दिला: आमच्या सैन्याला वाट द्या, युद्ध संपलं की निघून जाऊ, नुकसानभरपाईही देऊ. मुदत बारा तास. नुसतं टिकायचंच असतं, तर हो म्हणणं स्वस्तात पडलं असतं. राजा अल्बर्ट आणि त्याच्या मंत्र्यांनी नकार दिला. ४ तारखेला फौजा घुसल्या आणि वर्षअखेर यझर नदीमागचा कोपरा सोडला तर जवळजवळ सगळा देश गेला होता. परीक्षक म्हणाले, "मग मूर्खपणाच की." आणि पुढचं पान उलटलं. मार्क बेताचे पडले, त्याचं काही नाही. तो शब्द मात्र अजून टोचतो.

तो मूर्खपणा नव्हता. १८३९च्या लंडन तहापासून बेल्जियम तटस्थ म्हणूनच जगासमोर उभा होता. वाट दिली असती तर देश नकाशावर राहिला असता, पण आपण कोण हे त्याला स्वतःलाच सांगता आलं नसतं. किर्केगार्डने १८४४ सालीच भीती आणि चिंता वेगळ्या केल्या: भीती कशाची ते दाखवता येतं, चिंतेचं तसं नसतं. तोफांची भीती असेल तर किल्ले बांधता येतात; ओळख सुटण्याच्या चिंतेवर संरक्षण खात्याकडे इलाज नाही. आपण कोण याची खात्री असणं हीही एक सुरक्षितता (इंग्रजीत 'ऑन्टॉलॉजिकल सिक्युरिटी'), हे माणसाच्या बाबतीत लँग या मनोविकारतज्ज्ञाने १९६० साली मांडलं, गिडन्सने समाजशास्त्रात आणलं, जेनिफर मिट्झेन यांनी २००६ साली राष्ट्रांना लावलं. माझ्या परीक्षेनंतर ब्रेंट स्टील यांचं २००८चं पुस्तक आलं, त्यात बेल्जियमचंच प्रकरण आहे!

राष्ट्र म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तटस्थतेला ब्रिटनने दिलेल्या हमीचाही हिशेब ब्रुसेल्समध्ये झाला असणारच. आणि अब्रूची भाषा बोलणाऱ्या या देशाच्या आधीच्या राजाने काँगोत काय केलं, तेही वाचा.

परीक्षेपुरतं हवं असेल तर वास्तववाद (राष्ट्रं बळ आणि टिकाव यांच्याच हिशेबाने वागतात, हा सिद्धांत) लिहा, मार्क मिळतील. प्रबंध लिहीत असाल आणि मार्गदर्शक "हे साहित्य" म्हणाले, तर विषय बदलू नका. तो खलिता त्यांच्यापुढे ठेवा आणि निव्वळ बळाच्या हिशेबात बेल्जियमचा नकार बसवून दाखवा म्हणावं.