राज्यपालांच्या जुन्या निवडणुकांचा अभ्यास करताना

तुम्ही विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकेतील राज्यपालांच्या निवडणुका अभ्यासायला घेतल्या आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. आपल्याकडे राज्यपाल नेमला जातो, तिकडे तो थेट मतदारांनी निवडून दिलेला कार्यकारी प्रमुख असतो, एवढे आधी पक्के करा. मग त्या त्या राज्यातील राज्यपालाचा कार्यकाळ पाहा: न्यूयॉर्कमध्ये तेव्हा तो दोन वर्षांचा, न्यू जर्सीत तीन वर्षांचा होता, तर मॅसॅच्युसेट्समध्ये दरवर्षी मतदान होत असे.

सुरुवात न्यूयॉर्कच्या 1906 च्या लढतीपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. विमा कंपन्यांच्या चौकशीमुळे नावारूपाला आलेले रिपब्लिकन चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी वृत्तपत्रमालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांना सुमारे 58,000 मतांनी हरवले. पण त्याच दिवशी, त्याच मतदारांनी, राज्यस्तरावरील बाकी सर्व पदांवर ह्यूज यांच्या पक्षाचे उमेदवार पाडले. केवळ विजेत्यांची यादी वाचणाऱ्याच्या हाती हे कधीच लागत नाही. हर्स्ट यांना डेमोक्रॅटिक पक्षाबरोबरच इंडिपेंडन्स लीग या त्यांच्या स्वतःच्या पक्षाचीही उमेदवारी होती, म्हणून त्यांच्या मतांची बेरीज तपासूनच टक्केवारी काढा.

दक्षिणेकडील राज्यांत मात्र अंतिम निवडणुकीच्या आकड्यांवर विसंबू नका. मतदान-कर आणि साक्षरतेच्या अटींनी कृष्णवर्णीयांचा हक्क जवळजवळ हिरावून घेतल्यामुळे डेमोक्रॅटिक उमेदवाराचा विजय बहुतेक ठरलेलाच असे, आणि खरी लढत त्या पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीतच होत असे. जॉर्जियात 1906 मध्ये होक स्मिथ तिथेच जिंकले, आणि कृष्णवर्णीयांविरुद्धच्या त्या विखारी प्रचारानंतर सप्टेंबरमध्ये अटलांटात कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. ती नोंद आकड्यांच्या शेजारीच लिहून ठेवा.