ऑनलाइनच करा म्हणतात, मग आम्ही काय करायचं? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की कोरोना सरल्यावर तुमच्या घरातल्या दिव्यांग किंवा म्हाताऱ्या माणसाचं काय सोपं झालं आणि काय अवघड होऊन बसलं. पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळीकडून भरभरून आलं, पण सोपं काय झालं हे फारच थोड्यांनी लिहिलंय. जे प्रश्न फिरून फिरून आले त्यातले पाच इथे घेतोय. नावं टाकलेली नाहीत, बऱ्याच जणांची तशी विनंतीच होती.

प्रश्न : नमस्कार ताई. माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, दोन्ही डोळ्यांनी पूर्ण अंध. केवायसी संपली म्हणून बँकेनं खातं अडकवलंय, पैसे जमा होतात पण काढता येत नाहीत. ब्रँचमध्ये गेलो तर म्हणाले आता व्हिडिओ केवायसी आहे, घरी बसून अ‍ॅपवर करा, तुमच्याच सोयीचं आहे. अ‍ॅप म्हणतं कॅमेऱ्याकडे बघा आणि डोळ्यांची उघडझाप करा. आता त्यांना कॅमेरा कुठे आहे तेच दिसत नाही, मी मागून हनुवटी धरून चेहरा सरळ करते तर अ‍ॅप म्हणतं फ्रेममध्ये दोन माणसं आहेत. काय करावं? (इचलकरंजीहून)

उत्तर : ताई, हनुवटी धरायचं आता बंद करा, कारण याच गोष्टीवर सुप्रीम कोर्टाचा निकाल आलेला आहे आणि तो तुमच्या सासूबाईंच्या बाजूचा आहे. ३० एप्रिल २०२५ चा. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे आणि चेहरा गेलेल्या महिला आणि एक पूर्ण अंध गृहस्थ कोर्टात गेले होते, त्यांची तक्रार अगदी हीच, की डोळे मिचकावल्याशिवाय माणूस जिवंत आहे हे मशीन मानायलाच तयार नाही. न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि वर २० निर्देश दिले. त्यात डोळ्यांच्या उघडझापीला दुसरा पर्याय ठेवा, कागदावरची केवायसी चालू ठेवा, अंगठा चालवून घ्या, मशीननं नाकारलेला अर्ज माणसानं परत तपासावा, असं सगळं आहे.

म्हणजे "आता फक्त व्हिडिओवरच होते" हे काउंटरवरचं वाक्य चुकीचं आहे. साहेबांना ते माहीत नसेल, शक्य आहे, पण ते माहीत करून घेणं हे त्यांचं काम, सासूबाईंचं नाही.

दुसरं म्हणजे रिझर्व्ह बँकेचा नोव्हेंबर २०१७ पासूनचा नियम आहे की ७० वर्षांवरच्या ज्येष्ठांना आणि दिव्यांग, आजारी ग्राहकांना काही सेवा घरी येऊन द्यायच्या, आणि त्या यादीत केवायसीची कागदपत्रं घरून नेणं स्पष्ट लिहिलेलं आहे. सासूबाई वयातही बसतात आणि अंध म्हणूनही बसतात. तेव्हा ब्रँच मॅनेजरच्या नावानं साधा मराठीत अर्ज लिहा, आई पूर्ण अंध आहे, व्हिडिओ केवायसी करता येत नाही, कागदपत्रं घरी येऊन घ्यावीत किंवा ब्रँचमध्ये कागदावर केवायसी करून घ्यावी, आणि तोपर्यंत खातं चालू ठेवावं. अंध असल्याचं सर्टिफिकेट किंवा यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झेरॉक्स जोडा. दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणजे शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तोंडी बोलण्याचा काहीही पुरावा राहत नाही आणि गंमत म्हणजे शिक्का मागितला की निम्म्या वेळा काम तिथेच होऊन जातं.

३० दिवसांत काही झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट असते. पोर्टल आहे, पण कागदावर लिहून पोस्टानंही पाठवता येते, आणि माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे.

प्रश्न : माझा मुलगा पोलिओमुळे व्हीलचेअर वापरतो, अकाउंट्सचं काम करतो. २०२० ते २०२३ पूर्ण घरून काम केलं, प्रमोशनही त्याच काळात मिळालं. आता कंपनीचा मेल आलाय की सगळ्यांनी आठवड्यातले पाचही दिवस ऑफिसला यायचं, अपवाद नाही. आम्ही डोंबिवलीला राहतो, ऑफिस लोअर परळला. सकाळची लोकल तुम्हाला माहीत आहे. घरून काम करणं हा त्याचा हक्क आहे का?

उत्तर : सरळ उत्तर द्यायचं तर "घरून काम" या नावाचा हक्क कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. पण तुमचा मुलगा रिकाम्या हातांनीही नाही.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये रीझनेबल अकोमोडेशन म्हणून गोष्ट आहे, म्हणजे दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीनं काम करता यावं म्हणून योग्य तो बदल करून देणं, फक्त समोरच्यावर त्याचा अवास्तव बोजा पडता कामा नये. आणि ते नाकारणं हा भेदभाव, असं कायद्याच्या व्याख्येतच आहे. सुप्रीम कोर्टानंही फेब्रुवारी २०२१ मध्ये, लेखनिक मागणाऱ्या एका यूपीएससी उमेदवाराच्या केसमध्ये हे फार नीट समजावून सांगितलंय. आता बोजा पडतो का हा प्रश्न तुमच्या मुलाच्या बाबतीत कंपनीला विचारायचीही गरज नाही, तीन वर्षं त्यानं घरून तेच काम करून दाखवलंय आणि कंपनीनं त्यावर प्रमोशन दिलंय. ते प्रमोशनचं पत्र, अप्रेझल सगळं काढून ठेवा.

खासगी कंपनीवर या कायद्याचा जोर सरकारी ऑफिसइतका नाही, हे खरंय. पण २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर समान संधी धोरण लेखी करायचं, त्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांना काय सोयी देणार ते लिहायचं, त्यासाठी एक अधिकारी नेमायचा आणि त्या धोरणाची नोंद दिव्यांग आयुक्तांकडे करायची हे बंधन खासगीलाही आहे. मुलाला सांगा की एचआरला मेल टाकून आधी ते धोरणच माग. बहुतेक ठिकाणी ते नसतं, किंवा नेटवरून उतरवलेलं असतं, आणि मेल गेला की धावपळ सुरू होते. त्याच मेलमध्ये मागणी नेमकी ठेवायची, उदाहरणार्थ महिनाअखेरीचे दोन दिवस येईन बाकी घरून करीन, किंवा अकरानंतर येईन म्हणजे गर्दी टळेल. "मला सूट द्या" यापेक्षा असं लिहिलेलं नाकारणं अवघड जातं. नाहीच ऐकलं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथे लेखी तक्रार करता येते. आयुक्तांचं म्हणणं कोर्टाच्या हुकमासारखं नसतं, ती शिफारस असते, पण आयुक्तांची नोटीस हातात पडली की कंपन्या बोलायला बसतात.

जाता जाता एक. कितीतरी दिव्यांग लोक २०२० च्या आधी वर्षानुवर्षं घरून काम मागत होते आणि त्यांना सांगितलं जायचं की टेक्निकली शक्यच नाही, डेटा सिक्युरिटी आहे, टीम स्पिरिट आहे. मग मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि आठवड्याभरात कंपन्यांनी टेम्पोत घालून डेस्कटॉप घरोघर पाठवले. धडधाकट लोकांना गरज पडली तेव्हा सगळं शक्य झालं, त्यांची गरज संपली तसं ते पुन्हा अशक्य झालं. याचा राग येत असेल तर तो बरोबरच आहे.

प्रश्न : तुमचे लेख वाचतो पण एक सांगा, किती दिवस रडत बसणार? माझे वडील ७८ वर्षांचे, भाजीवाल्याला यूपीआयनं पैसे देतात. कोरोनानं सगळ्यांनाच शिकवलं. शिकायची तयारी हवी.

उत्तर : वडिलांचं खरंच कौतुक. पण त्यांना मोबाईल कोणी घेऊन दिला, रिचार्ज कोण मारतं, अडलं की ते कोणाला हाक मारतात? आणि त्यांना स्क्रीन दिसतो.

लसीचं आठवा. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली पण कोविन या सरकारी पोर्टलवर नोंदणी केल्याशिवाय नाही. स्लॉट उघडायचे आणि मिनिटात संपायचे. तेव्हा पुण्यामुंबईची पोरं गाड्या काढून आडगावच्या केंद्रावर जाऊन लस टोचून येत होती आणि त्या गावातली माणसं बाहेर उभी राहून बघत होती, कारण त्यांना ओटीपीच्या शर्यतीत उतरताच आलं नव्हतं. कोविन वर मराठी आली जूनमध्ये. अंध माणसाला तर पहिल्याच पानावर कॅप्चा आडवा यायचा, ती वाकडीतिकडी अक्षरं स्क्रीन रीडरला, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येत नाहीत आणि ऐकायची सोय ठेवलेली नव्हती. ३१ मे २०२१ च्या आदेशात सुप्रीम कोर्टानं या कॅप्चावरसुद्धा बोट ठेवलं आणि सरकारचीच आकडेवारी समोर टाकली, २०१७-१८ च्या पाहणीत इंटरनेटची सोय असलेली घरं शहरात ४२ टक्के होती आणि खेड्यात जेमतेम १५. मग २१ जूनपासून सगळ्याच केंद्रांवर थेट जाऊन लस मिळायला लागली. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस द्यायचा प्रश्न मुंबई हायकोर्टात गेला, केंद्राची परवानगी सप्टेंबरमध्ये आली.

आता यात शिकायची तयारी कोणाची कमी पडली? जो अंथरुणातून उठू शकत नाही त्याची? आपल्या राज्यात २०११ च्या जनगणनेतच २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेलेत, तेव्हा कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ होते, २०१६ च्या कायद्यानं ते २१ केले, म्हणजे आज मोजले तर आकडा कुठे जाईल बघा. ऑनलाइनला आमचा विरोध नाहीच. उलट रांगेत तिष्ठत उभं राहण्यापेक्षा कुबड्यांवरच्या माणसाला घरबसल्या फॉर्म भरणं कितीतरी बरं. भांडण आहे ते "फक्त" या शब्दाशी. कोरोनात माणसं एकमेकांपासून लांब ठेवायची म्हणून खिडक्या बंद केल्या, ते तेव्हा बरोबर होतं, नंतर स्टाफ कमी लागतो म्हणून त्या बंदच ठेवल्या आणि त्याला नाव दिलं सुविधा.

प्रश्न : रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत परत सुरू झाली का? व्हॉट्सअ‍ॅपवर दर महिन्याला मेसेज येतो की झाली. (नागपूरहून, निवृत्त शिक्षक)

उत्तर : नाही झाली सर, हे लिहीपर्यंत तरी नाही, तो मेसेज डिलीट करा. २० मार्च २०२० ला ती बंद केली, कारण दिलं होतं की म्हाताऱ्या माणसांनी साथीत प्रवास टाळावा. साथ गेली, गाड्या पूर्ववत झाल्या, पण ६० वरच्या पुरुषांची ४० टक्के आणि ५८ वरच्या बायकांची ५० टक्के सवलत काही परत आली नाही. संसदेत विचारलं की उत्तर ठरलेलं, प्रत्येक प्रवाशाला सरासरी जवळपास निम्मी सवलत आधीच मिळतेय. म्हणजे उद्योगपतीला जेवढी तेवढीच विधवा पेन्शनवाल्या आजीला, समानता झाली!

दिव्यांगांच्या चार गटांची आणि ठरावीक आजारांच्या रुग्णांची सवलत मात्र चालू आहे, घरात कोणी असेल तर सोडू नका. लोअर बर्थचा कोटाही आहे. आणि एसटीत ७५ वर्षं पूर्ण झाली की २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, बायकांना १७ मार्च २०२३ पासून वयाची अट न ठेवता अर्धं. फक्त एसटीची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच असते, तिकीट फुकट असून चढताच येत नाही म्हणून आजी घरीच, असं दोघीतिघींनी लिहिलंय. त्यावर आमच्याकडे आज तरी उत्तर नाही, डेपो मॅनेजरला पत्र लिहा एवढंच.

प्रश्न : मुलगी कर्णबधिर, वय १९, ओठ बघून बोलणं समजते. कोरोनात सगळे मास्क लावायचे तेव्हा तिचं बोलणंच बंद झालं होतं. आता मास्क गेले पण आमच्या इथल्या मोठ्या दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीला तेव्हा लावलेली प्लास्टिकची शीट तशीच आहे, पिवळी पडलीय, आतल्या माणसाचं तोंडच दिसत नाही. नंबर ओरडून पुकारतात, टोकनचा बोर्ड बंद. एकटी गेली तर दुपारपर्यंत बसून राहते, नंबर केव्हाच निघून गेलेला असतो. तिला एकटीनं जायचं असतं हो, दरवेळी आईला नाही न्यायचं.

उत्तर : त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम २५ बघा, सरकारी असो की खासगी, दवाखान्याच्या सगळ्या भागांत दिव्यांगांना अडथळ्याशिवाय वावरता आलं पाहिजे, आणि तपासणी आणि उपचारात त्यांना प्राधान्य द्यायचं आहे. म्हणजे तिचा नंबर ओरडायचा प्रश्नच यायला नको, यूडीआयडी कार्ड दाखवलं की आधी घ्यायला पाहिजे.

तोपर्यंत तिनं काय करायचं तर मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचं, "मला ऐकू येत नाही, माझा नंबर आला की हात करा", आणि ते खिडकीवरच्या माणसाला आणि ओपीडीच्या दारातल्या मावशींना, दोघांनाही दाखवायचं, मावशी जास्त कामाच्या असतात. डॉक्टर मास्क लावून बोलत असतील तर लाइव्ह कॅप्शनचं, म्हणजे बोललेलं लगेच स्क्रीनवर लिहून दाखवणारं, फुकट अ‍ॅप आहे, मराठी बऱ्यापैकी पकडतं, पण औषधांची नावं काहीच्या काही लिहितं तेव्हा गोळ्या किती, कधी, हे कागदावरच लिहून मागायचं.

शीट आणि बोर्डाबद्दलची तक्रार दवाखान्याच्या अधीक्षकांना तिच्याच सहीनं जाऊ द्या, तुमच्या नको. १९ वर्षांची आहे ती. पोच घ्या, एक प्रत जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे. बोर्ड चालू झाला तर आम्हाला कळवा, नाही झाला तरी कळवा.